आठ पौंडांची उभी जागा

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात गटारीच्या टेंडरच्या बातमीसाठी नगरपालिकेत गेलो होतो. काम झालं, चहा आला. उठता उठता सहज विचारलं, "साहेब, नाट्यगृहातल्या संगीत सभेचं यंदा काय?" साहेब म्हणाले, "ते बंद केलंय. शास्त्रीय गाण्याला माणूस येतंय कुठं? त्यापेक्षा ऑर्केस्ट्रा ठेवू. मैदान भरतंय."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण गेल्या वर्षी सभेला आलेली माणसं मीच मोजली होती. बहात्तर. त्यातले अकरा जण सत्काराचे होते, ते नारळ घेऊन गेले.

गाडीवरनं घरी येताना मात्र तो ऑर्केस्ट्रा शब्द डोक्यात घोळत राहिला. आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, तर जत्रेत स्टेज, लाइटिंग, एक किशोरकुमार, एक आशा आणि मधेमधे विनोद सांगणारा निवेदक. मला त्याचा राग नाही, लहानपणी पोत्यावर बसून तेच बघत वाढलोय. पण जिथून हा शब्द आला तिथं ऑर्केस्ट्रा म्हणजे व्हायोलिनपासून नगाऱ्यापर्यंतचे ऐंशी-नव्वद वादक आणि त्यांच्यापुढं काठी घेऊन उभा राहिलेला एक माणूस. गाणं नाही, नाच नाही, निवेदक नाही. आणि असल्या संगीतासाठी लंडनमध्ये दर उन्हाळ्यात आठ आठवडे, जवळजवळ रोज, हजारो माणसं येतात. त्यांचा महोत्सव सव्वाशे वर्षांहून जुना आहे. नाव प्रॉम्स.

मला प्रॉम्स कळले ते भाच्यामुळं. तो लंडनला नोकरीला. जुलै २०२३ मध्ये एका रात्री त्याचा मेसेज आला. "मामा, आठ पौंडांत उभा आहे. पाय मोडले, पण लताबाईंची गाणी चाललीत. बर्मिंगहॅमचा अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवतोय." त्या रात्री रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लता मंगेशकरांवरचा कार्यक्रम होता. गायला पलक मुच्छल आणि साथीला सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिंफनी ऑर्केस्ट्रा. ज्या हॉलमध्ये लताबाई १९७४ साली स्वतः गायल्या होत्या, तोच हॉल. सांगलीत ज्यांचं बालपण गेलं त्या बाईंची गाणी तिथं, आणि मी सांगली जिल्ह्यात गच्चीवर मोबाइल कानाला लावून. बीबीसीचा टीव्ही आपल्याला इकडं दिसत नाही, पण रेडिओ लागतो. रात्रभर झोप नाही. तेव्हापासून दर जुलैला या महोत्सवाच्या मागावर असतो.

आता तुम्ही म्हणाल, गोऱ्या लोकांचं कौतुक इथं कशाला? थांबा. मला कौतुक करायचं नाही, हिशेब मांडायचाय. आमच्या साहेबांच्या "माणूस येतंय कुठं" या प्रश्नाचा हिशेब.

१८९५ साली लंडनमध्येही हाच प्रश्न होता. भारी संगीत म्हणजे उमरावांचं काम. सुटाबुटात जायचं, महाग तिकीट काढायचं, खोकला आला तरी गिळायचा. क्वीन्स हॉल नावाच्या नव्या सभागृहाचा व्यवस्थापक होता रॉबर्ट न्यूमन. त्यानं ठरवलं की कारकून आणि दुकानातली पोरं या सभागृहात आली पाहिजेत. त्यानं खालच्या जागेतल्या खुर्च्या काढल्या. उभं राहून ऐका, फिरा, खा, प्या, विड्या ओढा. तिकीट एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा भाग. फिरत फिरत ऐकायची मैफल म्हणून प्रॉमेनेड कॉन्सर्ट, त्याचंच पुढं प्रॉम्स झालं.

पैसे कुणी दिले? घशाच्या एका डॉक्टरनं. जॉर्ज कॅथकार्ट त्याचं नाव. त्याच्याकडं गायक घसा बसला म्हणून यायचे. त्याचं म्हणणं असं की इंग्लंडातले ऑर्केस्ट्रे फार चढ्या पट्टीत वाजवतात, त्यानं गायकांचे गळे खराब होतात. त्यानं पैसे दिले ते दोन अटींवर. पट्टी खाली आणायची आणि संचालन हेन्री वुड या तरुणानंच करायचं. वुडचं वय तेव्हा २६. पुढं १९४४ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० वर्षं, हा माणूस दर उन्हाळ्यात तिथं उभा राहिला.

खरी गंमत पुढं आहे. न्यूमननं पहिल्या दिवशी लोकांच्या डोक्यावर अवघड संगीत ओतलं नाही. सुरुवातीला हलक्याफुलक्या रचना, ओळखीच्या चाली, मधे एखादी मोठी रचना. मग हळूहळू मोठ्या रचना वाढवत नेल्या. सोमवार वाग्नरचा, शुक्रवार बेथोव्हेनचा. काही वर्षांत तेच दुकानातले लोक बेथोव्हेनसाठी रांग लावायला लागले.

माणूस आधी नव्हता. तो तयार केला. हे वाक्य मी साहेबांसाठी लिहून ठेवलंय.

आणि हे सगळं फायद्यात चाललं असं समजू नका. १९०२ साली न्यूमनचं दिवाळं निघालं. मग एडगर स्पायर या बँकवाल्यानं भार उचलला. पहिलं महायुद्ध आलं, स्पायर जर्मन घराण्यातला, लोकांनी त्याला इतकं छळलं की १९१५ मध्ये तो देश सोडून गेला. नंतर चॅपेल नावाच्या संगीत प्रकाशक कंपनीनं सांभाळलं, पण १९२७ पर्यंत तेही थकले. तेव्हा पुढं आली बीबीसी, लोकांच्या पैशावर चालणारी रेडिओ संस्था.

यात एक गोष्ट फार बोलकी आहे. चॅपेलचे जे प्रमुख होते, ते रेडिओचे कट्टर विरोधक. घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर सभागृहात कोण येणार, ही त्यांची भीती. झालं उलटं. रेडिओनं प्रॉम्स मारले नाहीत, वाचवले. घरी ऐकलेलं प्रत्यक्ष बघावं असं लोकांना वाटायला लागलं. आपल्याकडं अजून काही मंडळी "लाइव्ह करू नका, गर्दी कमी होते" म्हणतात. त्यांनी हा १९२७ सालचा धडा वाचावा.

१० मे १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी क्वीन्स हॉल जाळून टाकला. त्याच उन्हाळ्यात महोत्सव रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेला आणि आजही तिथंच आहे. पाच हजारांवर माणसं मावतात. खुर्च्यांची तिकिटं महाग असतात, पण हजारभर माणसं उभी राहतात ती अगदी रंगमंचापुढच्या जागेत आणि सगळ्यात वरच्या सज्जात. म्हणजे स्वस्तातला माणूस सगळ्यात जवळ! आपल्याकडं पुढच्या दोन रांगा कुणासाठी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. सोफे, टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि त्यावर बसलेली, पहिल्या बंदिशीनंतर उठून जाणारी मंडळी.

उभं राहणाऱ्यांचा एक गमतीचा रिवाज भाच्यानं सांगितला. पियानोचं झाकण उघडायला माणूस आला की खालचे लोक "हीव्ह" ओरडतात आणि वरच्या सज्जातले "हो" म्हणून उत्तर देतात. खलाशी दोर ओढताना ओरडतात तसं. आणि संगीत सुरू झालं की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. एवढ्यानंच माझा एक गैरसमज गेला. गंभीर संगीत ऐकायला गंभीर तोंड लागत नाही.

आता टीव्हीकडं वळतो, कारण मी त्याच धंद्याच्या आसपासचा माणूस. प्रॉम्सची शेवटची रात्र १९४७ साली पहिल्यांदा टीव्हीवर दिसली. आज प्रत्येक मैफल रेडिओवर थेट जाते आणि निवडक मैफली टीव्हीवर. टीव्हीनं लाखो घरांत ऑर्केस्ट्रा पोचवला, हे खरंच. पण त्यानं एक घोळही केला. जगाला दिसते ती मुख्यतः शेवटची रात्र. झेंडे, टोप्या, फुगे, देशभक्तीची गाणी. त्यामुळं अनेकांना वाटतं प्रॉम्स म्हणजे साम्राज्याच्या आठवणीत नाचणारे इंग्रज. प्रत्यक्षात त्याआधीचे आठ आठवडे लोक मुकाट उभे राहून ऐकत असतात. पण मुकाट ऐकणारा माणूस कॅमेऱ्याला काय कामाचा?

हे मी दुसऱ्याला कशाला शिकवू? आमच्या संगीत सभेची बातमी गेली सतरा वर्षं मी देतो. काल जुनी कात्रणं काढली. फोटो सगळे दीपप्रज्वलनाचे. बातमीत नऊ पाहुण्यांची नावं आणि शेवटच्या ओळीत "त्यानंतर शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम संपन्न झाला". कुणी गायलं, कुठला राग गायला, लोक का उठले नाहीत, काही नाही. एका वर्षी तर गायिकेचं नावच राहिलं होतं. माणूस येत नाही याला साहेब जबाबदार असतील, पण थोडा मीही आहे. हे लिहायला जड जातंय, पण आहे.

प्रॉम्समध्ये सगळं गोड आहे असंही नाही. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर जर्मन संगीत बंद करा अशी ओरड झाली. एक वाग्नरची रात्र बदललीही. पण न्यूमन आणि वुड यांनी लगेच भूमिका घेतली की संगीताला शत्रू-मित्र नसतो, आणि वाग्नर-बेथोव्हेन परत आले. २१ ऑगस्ट १९६८ ला रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि नेमका त्याच दिवशी अल्बर्ट हॉलमध्ये रशियाचा सरकारी ऑर्केस्ट्रा वाजवायला होता. त्यातही रचना कुणाची, तर द्वोर्जाक या चेक संगीतकाराची. लोकांनी आरडाओरडा केला. चेलोवादक रोस्त्रोपोविच रडत रडत वाजवत होता. संपल्यावर त्यानं द्वोर्जाकच्या रचनेचे कागद हातात उंच धरले. एक शब्द बोलला नाही. रशियाच्या सरकारी ऑर्केस्ट्रासोबत आलेल्या माणसानं हे करायला काय काळीज लागलं असेल!

२००८ साली त्यांच्याच सांस्कृतिक खात्याच्या मंत्रीणबाई म्हणाल्या की प्रॉम्समध्ये सगळ्या समाजांतल्या लोकांना आपलं वाटत नाही. २०२० मध्ये साम्राज्याच्या काळातली गाणी शब्दांशिवाय नुसती वाजवायची असं ठरलं, तर पंतप्रधानांपर्यंत सगळे तुटून पडले आणि निर्णय फिरवावा लागला. म्हणजे भांडणं तिथंही आहेत, आणि आपल्यासारखीच आहेत. फरक एवढाच की तिथं भांडण "कुणाचं गाणं वाजावं" यावर आहे. आपल्याकडं "गाणं असावं का" इथंच गाडी अडलीय.

आपल्या संगीतालाही त्यांनी दार उघडलं. १९७१ मध्ये उस्ताद इम्रत खाँ तिथं वाजवून आले. १५ ऑगस्ट २०१७ ला भारत-पाकिस्तानच्या स्वातंत्र्याला ७० वर्षं झाली म्हणून दोन्ही देशांचं शास्त्रीय संगीत एकाच रात्री झालं. आणि २०२३ ला लताबाई.

पण त्याच २०२३ मध्ये काय घडलं ते सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मार्चमध्ये बीबीसीनं जाहीर केलं की पैसे नाहीत, बीबीसी सिंगर्स हा वीसेक गायकांचा वृंद बंद करणार आणि इंग्लंडातल्या आपल्या तीन ऑर्केस्ट्रांतल्या पगारी जागा साधारण २० टक्के कमी करणार. १९२४ पासूनचा वृंद, शंभरीला एक वर्ष राहिलेलं. लोक खवळले. लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज गेला, संगीतकारांनी जाहीर पत्रं लिहिली. त्याच महिन्यात बीबीसीनं वृंद बंद करायचा निर्णय थांबवला आणि ऑर्केस्ट्रांच्या कपातीचाही फेरविचार करू म्हणाली.

का थांबवला? मला विचाराल तर त्याचं मूळ त्या शिलिंगच्या तिकिटात आहे. ज्या माणसानं कॉलेजात असताना उभं राहून ऐकलं, तो पन्नाशीत सही करायला येतो. प्रेक्षक नुसता खुर्ची भरत नाही, तो पुढं राखणही करतो.

बीबीसीचा पैसा येतो लायसन्स फीमधून. एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४.५० पौंड झाली होती, म्हणजे आपले वीस हजार रुपयांच्या घरात. टीव्ही बघणाऱ्या प्रत्येक घरानं भरायचे. तिथं या फीवरनं मोठा वाद आहे. ज्याला बेथोव्हेन नको त्यानं का भरायचं? प्रश्न चुकीचा नाही. माझं उत्तर एवढंच की त्याच पैशातून त्याला मालिका, बातम्या आणि लहान मुलांचे कार्यक्रमही मिळतात, आणि उद्या त्याच्या पोरीला व्हायोलिन आवडलं तर आठ पौंडांत दार उघडं असतं. ते दार एकदा बंद झालं की श्रीमंताच्या पोरीला फरक पडत नाही. फरक याच्याच पोरीला पडतो.

आपल्याकडंही हे दार होतं. आमच्या वडिलांनी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरलेलं मला आठवतंय. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. आकाशवाणीवर १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री देशातला मोठ्यातला मोठा गवई खेड्यातल्या रेडिओवर, फुकट. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मराठी माणूस. त्यांनी शास्त्रीय संगीतासाठी फार केलं, पण एक चूक केली. सिनेमाची गाणी आकाशवाणीवरनं जवळजवळ हद्दपार केली. लोक काय बसून राहिले? त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

न्यूमन आणि केसकर, दोघांनाही लोकांचा कान घडवायचा होता. एकानं आवडीचं देत देत पुढं नेलं, दुसऱ्यानं आवडीचं काढून घेतलं. सक्तीनं कान घडत नाही, सवयीनं घडतो. आणि सवय लागायला दोन गोष्टी लागतात. तिकीट परवडलं पाहिजे, आणि दरवर्षी ठरल्या दिवशी ते झालंच पाहिजे.

हे आपल्याला जमत नाही असं कुणी सांगू नये. मिरजेत दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. ते १९३७ मध्ये गेले. इतकी वर्षं मोठमोठे गवई तिथं हजेरी लावतात आणि ऐकायला तिकीट नाही. हमाल, प्राध्यापक आणि तंबोरे बनवणारे कारागीर एकाच जागेत बसतात. आमच्या गावापासनं मिरज काही लंडनएवढी लांब नाही.

म्हणून माझी मागणी फार साधी आहे. संगीत सभा बंद करू नका. ऑर्केस्ट्राही ठेवा, पण त्याच रात्री त्याच स्टेजवर आधी अर्धा तास एखादा चांगला बासरीवाला बसवा. मैदान भरलेलं असतंच, त्याच्या कानावर पडू द्या. सभेत पुढचे सोफे काढा, सतरंजी टाका, वीस रुपयांत बसू द्या, शाळेच्या पोरांना फुकट. सत्कार शेवटी ठेवा, म्हणजे पाहुण्यांनाही गाणं ऐकावं लागेल. आणि पालिकेच्या पेजवर उद्घाटनं लाइव्ह जातात, तशी सभाही लाइव्ह जाऊ द्या.

पहिल्या वर्षी माणूस येणार नाही, हे मी आत्ताच लिहून देतो. बहात्तरचे ऐंशी झाले तरी पुष्कळ. पण बंद केलं तर बहात्तरचे शून्य होतील, आणि दहा वर्षांनी "बंद करू नका" म्हणायलाही कुणी उरणार नाही.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता मी हे निवेदन घेऊन पालिकेत जाणार आहे. सही करायची असेल तर या. माझ्याकडून एक शब्द देतो. सभा झाली तर बातमीत पहिलं नाव गाणाऱ्याचं असेल, साथीदारांची नावं असतील, आणि फोटो दिव्याचा नसेल.

भाचा यंदाही उभं राहणार म्हणतोय. पाय दुखतात म्हणून कुरकुर करतो, पण जातो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, उत्तर देतो.